पॉटर १९५२ साली आले, मग १९५१ मध्ये छावणीत कसे?

प्रश्न असा आला आहे: ‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या अमेरिकन लष्कराच्या फिरत्या शल्य रुग्णालयावरची मालिका पहिल्यापासून क्रमाने बघतोय. चौथ्या पर्वात कर्नल पॉटर सप्टेंबर १९५२ मध्ये छावणीचे प्रमुख म्हणून रुजू होतात आणि नवव्या पर्वातल्या एका भागात १९५१ चं अख्खं वर्ष दाखवलंय, त्यात ते आहेतच. मुख्य पात्र असलेल्या डॉक्टर हॉकायची आई आधी जिवंत असते, नंतर कळतं की तो लहान असतानाच ती गेली. छावणीचा कारकून रडार याच्याजवळचं कॉमिक तर त्या काळात निघालेलंच नव्हतं. एवढ्या गाजलेल्या मालिकेत कंटिन्युटी, म्हणजे आधीचं नंतरच्याशी जुळतं का, हे बघायला कोणी नव्हतं का?

उत्तर:

होतं. आणि तुम्ही सांगितलेल्या तीन चुकांपैकी दोन त्या माणसाच्या कामात येतच नाहीत. मी बावीस वर्षं मराठी मालिका आणि चित्रपटांची कंटिन्युटी सांभाळते. ‘मॅश’ आधी केबलवर तुटक तुटक पाहिली होती, नंतर वही पेन घेऊन पूर्ण पाहिली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आमचं काम एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंतचं असतं. मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण सीन दिसणाऱ्या शॉटमध्ये, कप उजव्या हातात असेल तर क्लोजमध्येही, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्येही, उजव्याच हातात हवा, चहा तेवढाच उरलेला हवा, वाक्याच्या ज्या शब्दावर नटाने मान वळवली त्याच शब्दावर पुन्हा वळवायला हवी. सीन क्रमाने शूट होत नाहीत, म्हणून हे सगळं लिहून ठेवावं लागतं. एका मालिकेत दवाखान्यातला सीन होता. मास्टर घेतला तेव्हा आजीबाईंच्या डाव्या हाताला सलाईन होतं. चार दिवसांनी क्लोज घ्यायचे ठरले, तेव्हा खिडकीचा उजेड हवा म्हणून पलंग फिरवला होता आणि सुई उजव्या हाताला चिकटवलेली होती. माझ्या वहीत ‘डावा, मनगटाच्या वर, चिकटपट्टी आडवी’ असं लिहिलेलं होतं, म्हणून कॅमेरा सुरू होण्याआधी ते सुधारता आलं. नोंद एका ओळीची असते, पण ती नसती तर एडिटिंग टेबलवर तो सीन जुळलाच नसता.

या पातळीवर ‘मॅश’चं काम चांगलं होतं, आणि ते सोपं नव्हतं. मालिका फिल्मवर, चित्रपटासारखी शूट व्हायची. बाहेरचे सीन लॉस एंजेलिसजवळ मालिबूच्या डोंगरात, आज जिथे मालिबू क्रीक स्टेट पार्क आहे तिथे, आणि आतले सीन फॉक्स स्टुडिओच्या नऊ नंबरच्या फ्लोअरवर. म्हणजे हॉकाय तंबूतून बाहेर पडतो तो स्टुडिओतून, आणि बाहेर उन्हात पाऊल टाकतो ते डोंगरात, वेगळ्या दिवशी. त्या दोन पावलांमध्ये टोपी, बुटावरचा चिखल, शर्टाची गुंडी, घामाचा डाग हे सगळं जुळवायचं. अडीचशेहून जास्त भागांत असे किती दरवाजे ओलांडले गेले याचा विचार केला की मला त्या टीमबद्दल आदरच वाटतो.

एक उदाहरण तर मी नव्या मुलांना नेहमी सांगते. रडारची भूमिका करणारे गॅरी बर्गॉफ यांच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून लहान होती. रडार हा छावणीचा कारकून, सतत कागद, फोन, रजिस्टर हाताळणारा, आणि तरीही प्रेक्षकाचं लक्ष त्या हाताकडे जात नाही. तो हात बहुतेक वेळा क्लिपबोर्डखाली, खिशात, नाहीतर एखाद्या वस्तूच्या आड असतो. सात वर्षं प्रत्येक शॉटमध्ये हे पाळायचं म्हणजे नट, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि कंटिन्युटी यांचा एकच हिशोब हवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कॅलेंडरचा. हे गणित सुटणारं नाहीच, पण मांडून बघण्यासारखं आहे.

कोरियन युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. अकराशेहून थोडे जास्त दिवस. मालिका १७ सप्टेंबर १९७२ ते २८ फेब्रुवारी १९८३ अशी चालली, अकरा पर्वं. युद्ध तीन वर्षांचं आणि मालिका साडेदहा वर्षांची. हॉकायचं काम करणारे ॲलन अल्डा सुरुवातीला छत्तीस वर्षांचे होते, शेवटचा भाग दाखवला तेव्हा सत्तेचाळीस. चेहऱ्यावर ती वर्षं दिसतात, आणि कथेनुसार मात्र जेमतेम तीन वर्षं गेलेली असतात.

हा ताण एकवेळ सांभाळता आला असता, कारण तारखा न सांगणं हाच त्यावर उपाय असतो. पण चौथ्या पर्वात, १९७५ साली, त्यांनी तारीख सांगून टाकली. कर्नल पॉटर १९ सप्टेंबर १९५२ पासून छावणीचे प्रमुख. त्या एका ओळीने काय झालं बघा. पॉटर आल्यापासून युद्ध संपेपर्यंत उरले दहा महिने आणि आठ दिवस, आणि पॉटर असलेली पर्वं आहेत आठ. त्या दहा महिन्यांत डॉक्टर फ्रँक बर्न्स जातो, त्याच्या जागी डॉक्टर विंचेस्टर येतो, परिचारिकांची प्रमुख मार्गारेट हिचं लग्न ठरतं, होतं आणि मोडतं, रडार घरी जातो, क्लिंगर कारकून होतो.

नाताळ मोजले की हे अगदी उघडं पडतं. युद्धाच्या काळात नाताळ आले तीन: १९५०, १९५१ आणि १९५२. मालिकेत निव्वळ नाताळवर बेतलेले निदान चार भाग आहेत, १९७२, १९७८, १९८० आणि १९८१ साली दाखवलेले. त्यातल्या शेवटच्या तिन्हींत पॉटर आणि विंचेस्टर दोघेही आहेत. पॉटर यांची तारीख खरी धरली तर ते तिन्ही नाताळ एकाच दिवशी, २५ डिसेंबर १९५२ ला, साजरे झाले असं मानावं लागतं.

आणि मग तुम्ही म्हणता तो भाग, ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’. डिसेंबर १९८० मध्ये दाखवला गेला. सुरुवात १९५० च्या शेवटच्या रात्रीपासून आणि शेवट १९५१ च्या शेवटच्या रात्रीला. पॉटर नवीन वर्षाचं स्वागत करायला उभे राहतात, म्हणजे ते ‘येण्याच्या’ वीस महिने आधी. मला हा भाग मनापासून आवडतो, म्हणून तो का असा झाला असेल याचा मी बराच विचार केलाय. त्यांना एका भागात पूर्ण वर्ष सरताना दाखवायचं होतं. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी युद्धाने पूर्ण व्यापलेली वर्षं दोनच, १९५१ आणि १९५२. त्यात १९५१ ला अमेरिकन बेसबॉलमधली सगळ्यात गाजलेली शर्यत झाली. न्यूयॉर्क जायंट्स खूप मागून येऊन ब्रुकलिन डॉजर्सना गाठतात आणि ३ ऑक्टोबर १९५१ ला बॉबी थॉमसनच्या एका फटक्याने जिंकतात. ज्या प्रेक्षकांनी तो फटका रेडिओवर ऐकला होता त्यांना तो तंबूतल्या रेडिओवर पुन्हा ऐकवायचा, आणि निकाल प्रेक्षकाला माहीत असताना पात्रांना पैजा लावू द्यायच्या. कुठला लेखक ही संधी सोडेल? माझ्या मते तरी लेखकांनी तारखेपेक्षा त्या फटक्याची निवड केली.

त्याच भागात छावणीचे धर्मगुरू फादर मल्काही मक्याची लागवड करतात. महिनोन्महिने जपतात, शेवटी कणसं तयार होतात, आणि स्वयंपाकघरातला गडी दाणे काढून, त्यांचं मऊ कालवण करून वाढतो. पुरा उन्हाळा गेलेला त्या एका ताटात दिसतो. कॅलेंडर चुकलेलं असूनही काळ सरल्याची जाणीव एवढी खरी मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

याच भागातली आणखी एक चूक सहसा कोणी काढत नाही, आणि मला ती पॉटरपेक्षा मोठी वाटते. हॉकाय आणि त्याचा सहकारी डॉक्टर बी. जे. मिळून वस्तूंच्या कॅटलॉगमधून भाग मागवून कृत्रिम मूत्रपिंड जुळवतात. कोरियातल्या युद्धात कृत्रिम मूत्रपिंड खरोखर वापरलं गेलं, पण ते १९५२ मध्ये, वोंजू इथल्या मोठ्या लष्करी रुग्णालयात, त्यासाठी उभारलेल्या खास विभागात. आघाडीजवळच्या तंबूत, वर्षभर आधी, दोन डॉक्टरांनी जुळवलेलं यंत्र ही कल्पनेची भरारी. एरवी वैद्यकीय बाबतीत ते काटेकोर होते, वॉल्टर डिशेल हे डॉक्टर त्यांचे सल्लागार होते, आणि लेखकांनी ऑपरेशनचा कुठलाही तपशील हवेत सोडलेला दिसत नाही. म्हणून इथलं वाकणं जास्त जाणवतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. पहिल्या भागाच्या सुरुवातीला पडद्यावर ‘कोरिया, १९५०’ असं येतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘शंभर वर्षांपूर्वी’. पण मालिकेतली छावणी १९५० ची नाहीच. युद्धाच्या पहिल्या वर्षात आघाडी सारखी वरखाली होत होती. मार्च १९५१ पर्यंत सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. त्या काळात फिरती शल्य रुग्णालयं खरोखर फिरत होती, आज तंबू ठोकायचे, आठवड्याने उखडायचे. १९५१ च्या मध्यानंतर आघाडी ३८ व्या अक्षांशाच्या आसपास गोठली, वाटाघाटी सुरू झाल्या, आणि माणसं मात्र टेकड्यांवर मरत राहिली. मालिकेत जी एका जागी रुतलेली छावणी दिसते, तोच चिखल, तेच जेवण, संपतच नाही असं युद्ध, ते चित्र १९५२ चं आहे. छावणी हलवण्यावर पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला एक मोठा भाग आहे, त्यातही ते शेवटी परत जुन्याच जागी येतात. त्यामुळे पॉटर यांची तारीख ही मला मालिकेतली सर्वांत प्रामाणिक तारीख वाटते. चुकलंय ते बाकीचं.

पहिल्या वर्षी फिरती रुग्णालयं कशी जगली हे बघायचं तर आपल्याच लष्कराकडे बघा. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली भारताची ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही तुकडी १९५० च्या अखेरीस कोरियात पोचली. डिसेंबरात प्याँगयांग सोडून माघार घ्यायची वेळ आली, वाहनं नव्हती, आणि औषधं, उपकरणं टाकून जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना एक जुनं वाफेचं इंजिन सापडलं. पाणी भरून, जळण घालून ते त्यांनी स्वतः सुरू केलं आणि सगळं सामान दक्षिणेला आणलं. मार्च १९५१ मध्ये त्यांचं एक छोटं शल्य पथक अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला विमानातून छत्रीने उतरलं. आणि मालिकेच्या शेवटच्या भागात जी शस्त्रसंधी होते, त्यानंतर ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परत जायचं नव्हतं त्यांची राखण करायला भारताचं जे दल गेलं, त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. मालिकेत हे येत नाही, आणि अमेरिकन छावणीच्या गोष्टीत ते यायलाच हवं असंही नाही. पण कोरिया म्हटलं की आपल्याला फक्त हॉकायचा तंबू आठवू नये, म्हणून लिहिलं.

हॉकायच्या आईकडे येते. ही चूक वेगळ्या जातीची आहे.

पहिल्या पर्वात तो वडिलांना नाताळचं पत्र लिहितो, त्यात आईची आणि बहिणीची आठवण काढतो. सुरुवातीला एकदा घर व्हर्माँट राज्यात असल्याचं येतं, नंतर ते मेनमधलं क्रॅबॲपल कोव्ह होतं आणि तेच कायम राहतं. पुढे बहीण नाहीशी होते, तो एकुलता एक होतो, आणि आई तो दहा वर्षांचा असताना गेलेली असते.

असं का होतं ते मालिकेत काम केलेलं कोणीही सांगेल. पहिल्या पर्वात लेखकाला माणूस पूर्ण सापडलेला नसतो. ‘आईला आणि ताईला नमस्कार सांगा’ हे वाक्य पत्र संपवायला म्हणून लिहिलं जातं, त्यामागे कुठली आई ठरलेली नसते. नंतर लेखक बदलतात. मुख्य लेखक लॅरी गेल्बार्ट चौथ्या पर्वानंतर गेले, निर्माते जीन रेनॉल्ड्स पाचव्यानंतर, मग सूत्रं बर्ट मेटकाफ यांच्याकडे आली. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर पोचण्याआधीचा काळ, जुना भाग बघायचा तर फिल्म काढून प्रोजेक्टरवर लावायची. प्रेक्षकही नवा भाग आठवड्याला एकच बघायचा. त्यामुळे एखादी मालिका दहा वर्षांनी कोणी क्रमाने, एका बैठकीत चार चार भाग बघेल, असा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आज तुम्ही जसं बघताय तसं बघण्यासाठी ती बनवलेली नाही. याच कारणामुळे १९७४ मध्ये हॅरी मॉर्गन एका भागात भ्रमिष्ट जनरल म्हणून येऊन गेले आणि पुढच्याच वर्षी तेच पॉटर म्हणून कायमचे आले. मार्गारेटच्या नवऱ्याचं काम लग्नात एका नटाने केलं आणि पुढच्या पर्वात दुसऱ्याने. तेव्हा ते खपून गेलं.

आमच्याकडेही हे होतं. एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या थोरल्या भावाचा उल्लेख पाचव्या भागात होता. वर्षभराने नव्या लेखकांनी ‘मला भाऊ असता तर’ असं वाक्य तिच्या तोंडी घातलं. मी ते वाचताच उठून सांगितलं, जुनं पान दाखवलं. सीन तसाच झाला, कारण रात्री भाग जायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रेक्षकांचे फोन. मला त्या दिवशी वाईट वाटलं ते फोनचं नाही. त्या भावाबद्दल नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मनात एक गोष्ट रचून ठेवली होती, कुठल्याशा सीनमध्ये ती डोळ्यांत दिसायचीसुद्धा. ती पुसली गेली.

म्हणून हॉकायच्या आईचं मला जे वाटतं ते तुम्हाला कदाचित पटणार नाही. १९८२ मध्ये एक भाग आला, त्यात हॉकायच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, मेनमध्ये, आणि हा कोरियात टेलिफोनजवळ बसलाय. त्याच्याबरोबर रात्रभर थांबतो तो विंचेस्टर, ज्याच्याशी त्याचं एरवी पटत नाही. तिथे हॉकाय सांगतो की आई आजारी पडली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि वडिलांनी त्याला काही गंभीर नाही असंच सांगितलं होतं. आता वडिलांनी स्वतःच्या आजाराबद्दलही तेच केलेलं असतं. विंचेस्टर उत्तरादाखल जे बोलतो ते मराठीत सांगायचं तर असं: माझ्याकडे वडील आहेत, तुझ्याकडे बाबा आहेत. ‘तीर्थरूप’ आणि ‘बाबा’ यांतलं जे अंतर आपल्याला लगेच कळतं, तेच ते इंग्रजीत दोन साध्या शब्दांत पकडतात. पहिल्या पर्वातली आई जिवंत ठेवली असती तर हा सीन लिहिताच आला नसता. मी त्या टेबलवर असते तर विसंगती दाखवून दिली असती, ते माझं काम आहे. आणि त्यांनी ‘माहीत आहे, तरी करतोय’ म्हटलं असतं, तर मी वही मिटली असती.

रडारच्या कॉमिकला मात्र मी ही सूट देणार नाही. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ सुरू झालं १९६३ मध्ये. कोरियातल्या शिपायाजवळ ते असणं शक्य नाही, आणि त्यातून कथेला काही मिळतही नाही. प्रॉपर्टीवाल्याला सांगितलं ‘कॉमिक आण’, त्याने जे हाताशी होतं ते आणलं. काळातल्या मालिकेत छापील वस्तू सगळ्यात आधी तपासायची असते, कारण तिच्यावर तारीख असते. मी सेटवर गेले की पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीचं लेबल आणि नोटा बघते. अमेरिकेचा झेंडा असेल तर तारे मोजायचे: १९५९ पर्यंत अठ्ठेचाळीस, अलास्का आणि हवाई आल्यावर पन्नास. त्या कॉमिकऐवजी साधं काऊबॉयचं कॉमिक असतं तरी रडार तितकाच गोड दिसला असता.

केसांचं मी मधोमध ठेवते. १९५० च्या लष्करात एवढे लांब केस, एवढे कल्ले चालले नसते, परिचारिकांचे केस तर सरळ सत्तरीच्या मासिकातले वाटतात, आणि सातव्या पर्वापासून बी. जे. मिशा ठेवतो. पण १९७२ मध्ये व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं. प्रेक्षकांच्या घरातली मुलं तिकडे होती. हॉकाय ज्या भाषेत युद्धाबद्दल बोलतो ती भाषाही १९५१ च्या कॅप्टनची नाही, १९७१ च्या मुलाची आहे. केस त्याच बोलण्याबरोबर आले. केस कापून बोलणं तसंच ठेवलं असतं तर ते जास्त खोटं वाटलं असतं, असं मला वाटतं. हिवाळ्याचं मात्र उलट. कोरियातली थंडी हाडं गोठवणारी असते, आणि मागे मालिबूचे वाळक्या गवताचे पिवळे डोंगर, ओकची झाडं. नट जाड कोट घालून कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभे राहायचे. कपाळावर घाम दिसला की समजायचं, तो भीतीचा नाही.

चुकांबद्दल बोलताना एक तशीच राहू दिलेली चूकही सांगायला हवी. मार्च १९७५ मध्ये दाखवलेला, पॉटर यांच्या आधीचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी जायला निघतो तो भाग. शेवटचं पान नटांना अगदी शूटच्या वेळी दिलं गेलं. रडार ऑपरेशनच्या खोलीत येतो, मास्क न लावता, आणि वाचून दाखवतो की ब्लेक यांचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. कोणी बोलत नाही, हात काम करत राहतात, आणि त्या शांततेत कोणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडून खणकतं. ते ठरलेलं नव्हतं. पहिला टेक तांत्रिक अडचणीने वाया गेला होता, दुसऱ्यात हा आवाज आला, आणि त्यांनी तोच ठेवला. माझ्या वहीत असा टेक आला असता तर शेजारी मी ‘आवाज, एनजी’, म्हणजे ‘नो गुड, हा टेक बाद’, असं लिहिलं असतं. अनुभव येईपर्यंत तरी नक्कीच. आता तो भाग बघताना कळतं की तो आवाज नसता तर ती शांतता ऐकूच आली नसती.

त्या खोलीबद्दल आणखी एक. वाहिनीचा आग्रह होता म्हणून मालिकेवर हसण्याचा आवाज चिकटवलेला असायचा, पण ऑपरेशनच्या खोलीत तो घालायचा नाही असं निर्मात्यांनी भांडून मिळवलं. तारखा चुकल्या, आई चुकली, पण तिथे कोणी हसलं नाही. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने हसणं पूर्ण काढूनच मालिका दाखवली. जमलं तर तशी मिळवून बघा, फरक लगेच जाणवेल.

काळाचं भान त्यांना नव्हतं असं म्हणणाऱ्यांना मी १९७९ चा ‘लाइफ टाइम’ दाखवते. एका जखमी सैनिकाच्या महाधमनीला ठिगळ लावायचंय, वीस मिनिटांत, नाहीतर कमरेखालचा भाग कायमचा जाईल. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं आणि भाग त्या घड्याळाबरोबर चालतो. कंटिन्युटीसाठी याहून अवघड काम नाही. प्रत्येक कटला सेकंद जुळवायचे, एखाद्याने कात्री दोन सेकंद उशिरा उचलली तर पुढचं सगळं सरकतं. बाहेर दुसरा सैनिक मरतोय, त्याच्याकडून धमनीचा तुकडा घ्यायचाय, आणि त्याचा मित्र त्याच्याशेजारी बसलाय. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. ज्यांना दहा महिन्यांत तीन नाताळ बसवावे लागले, त्यांनीच एकेक सेकंद असा जपला.

तुम्ही आता कुठल्या पर्वात आहात माहीत नाही. शेवटच्या भागापर्यंत पोचाल तेव्हा छावणीजवळ आग लागते ती नीट बघा. ऑक्टोबर १९८२ मध्ये मालिबूच्या डोंगरात खरोखर वणवा लागला आणि शूटिंग चालू असतानाच बाहेरचा सेट जळला. त्यांनी तो पुन्हा उभारून जुळवत बसण्याऐवजी वणवा कथेत घेतला. जळलेल्या तंबूंच्या सांगाड्यांमधून माणसं चालताना दिसतात, तो सेट नाही, ती अकरा वर्षांची त्यांची कामाची जागा आहे. आणि त्याआधी एक रात्र काढून हॉकायचं नाताळचं पत्र आणि टेलिफोनशेजारची ती रात्र हे दोन भाग लागोपाठ बघा. पहिल्यात तो आईला नमस्कार पाठवतो. दुसऱ्यात ती गेल्याला अनेक वर्षं झालेली असतात.